नकाशात नसलेलं वळण

ज्याचा धंदा चौकटी बनवण्याचा, त्याच्याच दुकानात एकही भिंत सरळ नसावी, हा विनोद आमच्या गल्लीला आयताच मिळाला होता. गल्लीच्या ऐन वळणावर फ्रेमवाल्याचं घर. पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान, आणि ती खोली गोल. अगदी परातीसारखी नाही, पण जेवण झाल्यावर पोट पुढे काढून दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखी. आतल्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरी दोन्ही कडांनी भिंतीला टेकत आणि मधे मागे पोकळी राहत असे. त्या पोकळीत पाली पिढ्यान् पिढ्या संसार थाटून होत्या. गिऱ्हाइकाने विचारलंच, तर फ्रेमवाला शांतपणे म्हणे की चित्रामागे थोडी हवा खेळलेली बरी.

त्याची बायको म्हणजे नकाशाताई. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त कागदांना माहीत. ती पालिकेच्या नकाशा विभागात. जुना नकाशा झिजला, घडीवर फाटला, की त्यावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने तो तसाच्या तसा उतरवून काढायचा, हे तिचं काम. उमेदीची सगळी वर्षं तिने वाकून रेघा ओढण्यात घालवली. म्हणून चालतानाही ती रस्त्याच्या कडेकडेने चाले, जणू मधे गेली तर शाई पसरेल. भाजी चिरली तरी फोडी अशा, की मोजणीदाराने सही करावी. तिच्या सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमची सून कढईतसुद्धा समास सोडते."

आमचं शहर वरून पाहिलं तर कुणी रागाने चुरगाळलेल्या आणि मग पश्चात्तापाने हातानेच सारख्या केलेल्या कागदासारखं दिसतं. पण नकाशाताईला विचारा, ती सांगेल की त्यातली एकही सुरकुती उगाच पडलेली नाही. शहराभोवती जो मोठा रस्ता फिरतो तो जुन्या तटाच्या जागेवर लोळतो. तट पडला, रस्ता त्याच्या अंथरुणात शिरला. ज्या चौकांना लोक दरवाजा म्हणतात तिथे दरवाजा पाहिलेला माणूस आज हयात नाही, तरी रिक्षावाला तिथेच थांबतो आणि भांडण तिथेच होतं. वाकड्यातिकड्या बोळांच्या मधोमध एकच गल्ली बाणासारखी सरळ का, तर तिथे दोर वळणारे राहत. दोराला लांबी लागते, त्याला कोपरा चालत नाही. आणि एखादी गल्ली मधेच कारण नसताना रुंद झाली, तर समजावं की तिथे बैलगाड्या वळवून माघारी नेत. हे सगळं ती चहा पिता पिता सांगे, आणि आम्ही जांभया आवरत ऐकत असू. आपल्या पायाखाली काय आहे हे ऐकायला कुणाला हौस असते? जोवर पाय घसरत नाही तोवर कुणालाच नाही.

आमच्या गल्लीचंही तसंच. एका बाजूची घरं तटाच्या पायावर उभी, समोरची घरं बुजवलेल्या खंदकावर. म्हणून तटाच्या रांगेत दारं टक्कन लागतात, फरशी कोरडी राहते. खंदकाच्या रांगेत दार लावायचं तर खांदा द्यावा लागतो, आणि जमिनीवर गोटी ठेवली तर ती कुणाला न विचारता कोपऱ्यात जाऊन बसते. तटाच्या रांगेतले लोक याला आपल्या वाडवडिलांची पुण्याई म्हणत. पाया राजाचा, दगड वेठीच्या माणसांनी वाहिलेले, आणि पुण्याई यांची. असो. मला त्याच गल्लीत राहायचंय.

फ्रेमवाल्याचं घर तटाच्या रांगेत, पण नुसत्या तटावर नाही, बुरुजावर. ती गोल खोली म्हणजे बुरुजाचं उरलेलं पोट. गल्ली सरळ येते, त्या पोटाला वळसा घालते आणि पुन्हा आपल्या वाटेला लागते. गाडीवाल्यांनी त्या वळणाला दिलेल्या शिव्या एकत्र केल्या तर एक नवा तट उभा राहील.

वळण संपतं तिथे, समोर, इस्त्रीवालीचं घर. पुढच्या खोलीत कोळशाची इस्त्री, कपड्यांची गाठोडी, आणि खिडकीशी तिच्या नवऱ्याची खाट. नवरा कित्येक वर्षं पडून. त्याला आतल्या खोलीत हलवलं की त्याचा श्वास कोंडतो, आणि गल्ली दिसली नाही की त्याचा जीव कोंडतो. म्हणून खाट तिथे.

नकाशाताई नवी नवरी होऊन आली तेव्हा तिच्या सामानाचा ट्रक त्या वळणावर अडकला. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी इस्त्रीवालीने पदर खोचला, ट्रंक आणि गाद्या आपल्या घरात उतरवून घेतल्या आणि नवरीला आपल्याच पायरीवर बसवलं. नवरीने मान वर करून त्या वळणाकडे पाहिलं आणि ती खुदकन हसली. ट्रक अडकलाय, सासरा घामाघूम झालाय, आणि ही हसतेय. इस्त्रीवाली बायकांना म्हणाली, "हसरी आहे गं. टिकेल." तेव्हापासून दोघींचं सख्य. इस्त्रीवाली कपडे घेऊन आली की गाठोडं ठेवून सरळ स्वयंपाकघरात जाई आणि चहाचं आधण स्वतःच ठेवी.

ती का हसली होती हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्याचं कारण असं. लग्नाच्या थोडंच आधी, नोकरीत अगदी नवी असताना, शहराच्या याच भागाचा नकाशा तिच्यापुढे आला होता. मूळ कागद घडीवर इतका झिजलेला, की आमच्या गल्लीच्या जागी नुसता पांढरा डाग उरला होता. तिला शिकवणारे एक वयस्कर गुरुजी होते. त्यांचा नियम असा, की जिथे रेघ पुसली गेली तिथे हद्दीच्या दगडांच्या खुणा शोधायच्या, त्यांना पट्टी लावायची, एक बाजू पक्की करायची आणि दुसरी तिला समांतर ओढायची. खुणा होत्या त्या तटाच्या रांगेतल्याच. खंदकाच्या रांगेत कुणी कधी दगड रोवला होता? ज्यांना भरावावर बसवलं त्यांना दगड कोण देतो? त्यातली सगळ्यात ठसठशीत खूण बुरुजाच्या नाकाशी होती. नकाशाताईने तिला पट्टी टेकवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सुरेख रेघ ओढली. मग समोर तिची जुळी. गुरुजींनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले की गल्ली अशी असावी, बाकीचं शहर हिच्याकडून शिकलं पाहिजे.

आणि मग ती नवरी होऊन इथे आली, आणि पाहते तो काय, गल्ली वाकडी. कागदावर नसलेलं वळण ट्रकला मिठी मारून उभं. म्हणून हसली. रजा संपली की गुरुजींना सांगू म्हणाली. रजा संपली तोवर गुरुजी दुसरीकडे गेले होते, आणि नव्या नवरीला सांगायला आणि लपवायला त्याहून मोठ्या गोष्टी होत्या. रेघ कागदावर राहिली, वळण गल्लीत राहिलं. दोघं एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत, म्हणून निभावलं.

निभावलं ते रुंदीकरण निघेपर्यंत. एका सकाळी पालिकेची माणसं आली, नकाशा उलगडून बघत लाल रंगाच्या खुणा मारत गेली. तटाच्या रांगेत खुणा पायऱ्यांवर पडल्या. फ्रेमवाल्याच्या बुरुजाला तर नुसता चाटून गेलेला एक थेंब. समोरच्या रांगेत मात्र माणसं रंगाचा डबा घेऊन घरांत शिरली. इस्त्रीवालीकडे खूण पडली ती थेट खाटेच्या पायाशी. नोटिशीत लिहिलं होतं की ही घरं रस्त्यावर अतिक्रमण करून पुढे आलेली आहेत, सबब मोबदला मिळणार नाही, हरकत असल्यास सुनावणीला हजर राहावं.

तटाच्या रांगेत त्या दिवशी मनातल्या मनात साखर वाटली गेली. वरवर सगळे हळहळले. सासूबाईंनी मात्र हळहळायचेही कष्ट घेतले नाहीत. दारात उभ्या राहून बुरुजावर हात फिरवत म्हणाल्या की पाया पुण्याईचा असला की संकट असं बाजूने निघून जातं.

नकाशाताई ऑफिसला निघाली होती. तिने इकडची खूण पाहिली, तिकडची पाहिली. मान जरा तिरकी करून, जशी ती कागदावर करते तशी, दोन्ही खुणांच्या मधून नजर लावली. लाल खुणा एका सरळ ओळीत होत्या. सरळ, सुरेख, कुठे थरथर नाही. आपलं अक्षर जसं माणसाला कुठेही ओळखू येतं, तशी तिला ती रेघ ओळखू आली. हातातला डबा तिने उंबऱ्यावर ठेवला, आणि तो तिथेच विसरून ती कामावर गेली.

संध्याकाळी इस्त्रीवाली आली. गाठोडं ठेवलं, पण आधण ठेवलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

"तू त्या नकाशांतच असतेस ना गं," ती म्हणाली. "एकदा बघशील का आमचं घर खरंच पुढे आलंय का? मला वाचता येत नाही, पण तू सांगितलंस तर मानेन मी."

नकाशाताई म्हणाली, "बघते."

बघायचं काय होतं त्यात? पण माणसाच्या तोंडात मिठाची गुळणी असली की दुसरा शब्द निघत नाही. इस्त्रीवालीला तेवढ्यावर धीर आला. जाताना ती फ्रेमवाल्याला म्हणालीसुद्धा, की आपली माणसं आत असली की बरं असतं.

पुढचे काही दिवस नकाशाताई बघते, बघते म्हणत राहिली. ऑफिसात ती तिच्या रेघेसमोर बसून असे, आणि घरी येताना गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने शिरे, म्हणजे इस्त्रीवालीचं दार लागत नाही. कडेने चालणारी बाई आता भिंतीला चिकटून चालू लागली, असं आम्ही थट्टेने म्हणत होतो. आम्हाला काय ठाऊक?

शेवटी एक दिवस कुणाच्या तरी लग्नाला जायचं म्हणून फ्रेमवाल्याला सदरा हवा होता, आणि सदरा होता इस्त्रीवालीकडे. नकाशाताईला जावं लागलं. ती दाराशी पोचली तर आतून इस्त्रीवालीचा आवाज. ती इस्त्री दाबत होती आणि प्रत्येक दाबाला एकेक वाक्य बाहेर पडत होतं. बोलत होती ती मेलेल्या सासऱ्याशी. "ढापलंत ना हो रस्त्याला. हात हात करत पुढे आलात. वर आम्हाला शहाणपण शिकवायचात, लबाडी करू नका म्हणून. आता तुमच्या मुलाला नेऊ कुठे, तेही सांगून जायचं होतंत."

एवढी वर्षं ज्याचं तोंड गल्लीकडे असायचं त्या खाटेवरच्या नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. ही खोली त्याच्या बापाने स्वतःच्या हाताने बांधली होती, आणि लहानपणी त्याने तिच्या विटा पुरवल्या होत्या. खोली गल्लीच्या मागे होती की पुढे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण छापील कागद आला आणि त्यालाही आपलं बालपण संशयास्पद वाटू लागलं.

इस्त्रीवालीने नकाशाताईला पाहिलं आणि जरा ओशाळून हसली. "बघितलंस का गं नकाशात?"

"अजून नाही," नकाशाताई म्हणाली, आणि सदरा घेऊन परत फिरली. दारातून बाहेर पडताना तिचा पाय घसरला. खंदकाकडचा उतार तिला पाठ होता, तरी घसरला.

दुकानात नवरा काच कापत होता. तिने सदरा खुंटीला लावला आणि त्याच्याजवळ स्टुलावर बसून सगळं सांगितलं. पट्टी, खूण, गुरुजी, ट्रक, हसणं. फ्रेमवाला हिऱ्याची लेखणी काचेवरून फिरवत ऐकत होता. काच तुटल्यावरच त्याने मान वर केली.

"मग खरी गल्ली काढली तर?"

"तर समोरची घरं आपल्या जागेवर आहेत. मी रेघ बुरुजाच्या नाकावरून सरळ ओढली, म्हणून कागदावर गल्ली त्यांच्या घरांत सरकली. रस्त्यात येतोय तो हा बुरूज."

"म्हणजे दुकान."

"दुकान."

त्याने काचेची कड अंगठ्याने चाचपली. मग इतकंच म्हणाला की आईला आत्ता सांगू नकोस.

पण त्या खोलीची गंमत तुम्हाला अजून सांगायचीच राहिली. इतर घरांत भिंतीला कान असतात म्हणतात. या घरातल्या भिंतीला तोंडही होतं. गोल भिंतीच्या एका टोकाला कुजबुजलेलं दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येई. लहानपणी फ्रेमवाला यावरच गल्लीतल्या पोरांना दिपवत असे. दुसऱ्या टोकाला, पडद्याआड, सासूबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. अडकित्त्याचा आवाज मधेच थांबला, तेव्हाच दोघांना कळलं.

सासूबाई बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"तुला कुणी विचारलंय का?"

"नाही."

"साहेबाने? नोटिशीने? कुणी?"

"इस्त्रीवालीने विचारलं."

"ती विचारणारच. बुडता माणूस काडीला विचारतो. काडीने त्याच्यासाठी मोडायचं नसतं." त्या मुलाच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "हा याच खिडकीच्या उजेडात काम शिकला. दुसरीकडे बसवलंस तर काच आणि बोट यातला फरक त्याला कळणार नाही. आपल्या हाताने आपल्याच घरावर रेघ ओढणारी बाई मी पहिलीच बघतेय."

त्यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट. आपला तो बाब्या असतो, हे ठीक. पण सासूबाईंचा बाब्या खरोखरच पन्नाशीला पोचलेला, पाठीतून वाकलेला माणूस होता. त्याच्याकडे दुसरं दुकान नव्हतं आणि दुसरं कसबही नव्हतं.

नकाशाताई दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेली. साहेब तिच्याहून वयाने लहान, माणूस काही वाईट नव्हता. तिचं ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं आणि चहा मागवला. त्यांचं म्हणणं असं की शहरातले अर्धे नकाशे तिच्या हातचे आहेत. एक रेघ चुकली असं तीच म्हणाली, तर उद्या प्रत्येक घरमालक फीत घेऊन दारात उभा राहील. शिवाय सुनावणी असतेच, ज्याला हरकत आहे तो मांडेल. तिने आपली राहिलेली वर्षं सुखाने काढावीत.

चहा पिऊन ती जागेवर आली. साहेबांनी तिला गप्प बसवण्यासाठी जे सांगितलं होतं तेच तिला बोचायला लागलं. अर्धं शहर तिच्या हातचं. म्हणजे असे पांढरे डाग आणखी किती ठिकाणी तिने भरले होते? तिने आठवायला सुरुवात केली. नदीकडची वस्ती, तिथे खुणा होत्या त्या घाटावरच्या मोठ्या घरांच्या. दोरवाल्यांच्या मागची गल्ली, तिथे खुणा गोदामांच्या. प्रत्येक ठिकाणी पट्टी टेकली होती ती कोरड्या बाजूला, आणि जुळवून घेतलं होतं ते ओल्या बाजूने. तिने हे मुद्दाम केलं नव्हतं. गुरुजींनीही नाही. नियमच तसा होता, आणि नियम करणाऱ्यालाही कदाचित तो साधा, सोयीचा वाटला असेल. ज्याच्याकडे दगड, त्याची रेघ पक्की. इतकी वर्षं ती आम्हाला चहावर सांगत आली की या शहरातली एकही सुरकुती उगाच पडलेली नाही. त्यातल्या काही सुरकुत्या आपल्याच बोटांनी पडल्या, हे तिला त्या दिवशी कळलं. तिने पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली. दिवसभर पुन्हा काढली नाही.

सुनावणीला गल्ली लोटली होती. खंदकाची रांग हरकत घ्यायला आणि तटाची रांग गंमत बघायला. फ्रेमवाला आला नाही, त्याने काम आहे म्हणून सांगितलं. सासूबाई मात्र आल्या आणि पहिल्या रांगेत, सुनेच्या अगदी समोर बसल्या. नकाशाताईला विभागातर्फे नकाशा धरून उभं राहायचं होतं. म्हणजे बघा, ज्या कागदाने तिचा जीव टांगणीला लावला तो कागद टांगण्याचं कामही तिचंच.

एकेकाला बोलावलं. कुणी रडलं, कुणी भांडलं, कुणी ओळखी सांगितल्या. इस्त्रीवालीची पाळी आली तेव्हा अधिकाऱ्याने विचारलं की घर मूळच्या जागेवर आहे याचा काही पुरावा आहे का. तिने हात जोडले.

"पुरावा नाही साहेब. सासऱ्यांनी पुढे घेतलं असेल, तर त्यांच्या वतीने मी माफी मागते. मेलेल्या माणसाला काय बोलायचं. फक्त पडलेल्या माणसाला तेवढं हलवू नका."

अधिकाऱ्याने लिहून घेण्यासाठी पेन उचललं. तो काय लिहिणार होता हे नकाशाताईला नकाशा धरलेल्या जागेवरून दिसत होतं. घरमालकिणीला अतिक्रमण मान्य. एकदा ते लिहिलं गेलं की तो म्हातारा कायमचा चोर, आणि रेघ कायमची खरी.

"तिच्या सासऱ्यांनी काही केलेलं नाही," नकाशाताई म्हणाली. हातातला कागद खाली आला होता. "घर जिथे होतं तिथेच आहे. गल्लीला वळण आहे, ते नकाशात नाही. ही रेघ माझ्या हातची आहे आणि ती चुकलीय. रस्त्यात येतोय तो आमचा बुरूज."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. तटाच्या रांगेतून एक सुस्कारा निघाला, चाक पंक्चर झाल्यावर निघतो तसा. साहेब उठून काहीतरी म्हणू लागले, पण अधिकाऱ्याने हाताने थांबवलं. त्याने सरळच विचारलं की ही चूक तिच्या लक्षात केव्हा आली.

इथे तिला सुटायला जागा होती. परवा, म्हणाली असती तर कोण तपासणार होतं? खुणा पाहिल्यावर, असं म्हणाली असती तरी ते अगदीच खोटं ठरलं नसतं. झाकली मूठ निम्मी तरी झाकलेली राहिली असती. तिने इस्त्रीवालीकडे पाहिलं.

"लग्नाच्या दिवशी," ती म्हणाली.

लोक हसले. सभागृहच ते, लोकांना कुठे हसायचं हे कळत नाही. न हसलेल्या दोघीच. एक सासूबाई, आणि दुसरी इस्त्रीवाली.

फेरमोजणीचा हुकूम झाला. खंदकाच्या रांगेने नकाशाताईला गराडा घातला, कुणी हात हातात घेतले, कुणी पाया पडायला वाकलं. ती गर्दीतून इस्त्रीवालीला शोधत होती. ती पायऱ्या उतरत होती, कठड्याला धरून, सावकाश.

"मावशी," नकाशाताईने हाक मारली.

इस्त्रीवाली थांबली, पण वळली नाही. "तू त्या दिवशी माझ्या पायरीवर बसून का हसलीस, ते मला आज कळलं," ती म्हणाली. "मी तुला हसरी म्हणत होते." मग दोन पायऱ्या उतरून पुन्हा थांबली. "मी सासऱ्यांना नाही नाही ते बोलले. हे ऐकत होते. आणि तू दारात सदरा न्यायला उभी होतीस."

नकाशाताई कठड्याशी उभी राहून तिला खाली जाताना बघत राहिली.

ऑफिसात तिला शाईपासून दूर करून टपालाच्या टेबलावर बसवलं. घरात सासूबाई तिच्याशी बोलत नसत. बोलायचं असेल ते भिंतीच्या एका टोकाला पुटपुटत, आणि भिंत ते दुसऱ्या टोकाला सुनेपर्यंत पोचवी. दोघींमध्ये तेवढाच एक निरोप्या उरला होता, आणि तोही पडणार होता. तटाच्या रांगेत तिला पाहून खिडक्या लागू लागल्या. खंदकाच्या रांगेत चहाचं बोलावणं येई, पण तिला जावंसं वाटत नसे. इस्त्रीचे कपडे येत होते, नेहमीसारखे, घडीवर घडी. फक्त गाठोडं आता पायरीवर ठेवलेलं सापडे. नकाशाताई नवऱ्याच्या चष्म्याकडे बघे आणि दुकानातला उजेड नजरेने मापे. तो मात्र हाताशी असेल तेवढ्या वेळात उरलेल्या चौकटी पुऱ्या करत सुटला होता. भिंतीवरून एकेक तसबीर उतरत होती. मागच्या पाली कुठे जायचं ते न ठरवता नुसत्या चुळबुळत होत्या.

फेरमोजणीला मोजणीदार आला तो एकटाच. सोबतचा माणूस आजारी होता म्हणे. बुरुजाला फीत लावायची तर एक टोक भिंतीशी धरायला हवं आणि दुसरं समोरच्या उंबऱ्याशी. गल्लीतल्या एकाही माणसाचा हात पुढे होईना. जी फीत कुणाचं तरी घर खाणार, तिचं टोक कोण धरतो? शेवटी नकाशाताई पुढे झाली, तिने एक टोक घेतलं आणि आपल्याच बुरुजाच्या नाकाशी अंगठ्याने दाबून धरलं. वर खिडकीत सासूबाई. आत हातोडीचा आवाज थांबलेला.

मोजणीदार दुसरं टोक घेऊन इस्त्रीवालीच्या उंबऱ्याशी गेला. पण त्याला मधे उभं राहून वाचायचं होतं, आणि फीत ठेवली की सुटून परत येत होती. एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. तो इकडेतिकडे बघू लागला.

दार करकरलं. इस्त्रीवाली बाहेर आली, हातात तिची विझलेली इस्त्री. तिने समोर पाहिलं नाही. वाकून फितीचं टोक उंबऱ्याच्या कडेला नीट जुळवलं, त्यावर इस्त्री ठेवली, हलत नाही ना ते बोटाने पाहिलं, आणि आत निघून गेली. दार तिने नेहमीसारखं खांदा देऊन लावलं.

फीत ताणली गेली. एका टोकाला इस्त्री, दुसऱ्या टोकाला नकाशाताईचा अंगठा. मोजणीदाराने आकडा वाचला आणि लिहून घेतला, तरी तिने टोक सोडलं नाही. समोरच्या खिडकीत, खाटेवरच्या माणसाचं तोंड पुन्हा गल्लीकडे झालेलं तिला दिसत होतं.